आठवी-नववीच्या मुलांसाठी एआय साक्षरतेचा ऑनलाइन कोर्स कसा उभा करावा

मुलांसाठीचे एआयवरचे बरेचसे कोर्स एकाच वळणाने जातात. पहिल्या व्हिडिओत व्याख्या, दुसऱ्यात एआय या विषयाची सुरुवात मानली जाणारी १९५६ सालची डार्टमथची परिषद, तिसऱ्यात रोबोचं चित्र आणि शेवटी दहा वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवले की प्रमाणपत्र. मूल प्रमाणपत्र घेतं आणि त्याच संध्याकाळी चॅटबॉटने दिलेला निबंध जसाच्या तसा वहीत उतरवतं. एआयची माहिती त्याला मिळाली, पण त्याच्या वागण्यात काही फरक पडला नाही.

माझं म्हणणं असं आहे की कोर्सच्या प्रत्येक घटकात मुलाने यंत्राची एक तरी चूक स्वतः पकडली पाहिजे आणि ती का झाली हे त्याला आपल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. घटक कितीही देखणा असो, त्यात हे घडत नसेल तर तो पुन्हा लिहायचा. चूक पकडण्यात मुलांना मनापासून रस असतो. त्यांना कोर्समध्ये गुंतवून ठेवायला वेगळी युक्ती शोधावी लागत नाही.

पुढची सगळी आखणी मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलांसाठी, सहा आठवड्यांच्या कोर्ससाठी आहे. आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त वेळ मुलांकडे मागू नका. शाळा, शिकवणी आणि घरची कामं सांभाळून त्याहून जास्त वेळ निघत नाही. अकरावी-बारावीसाठी किंवा दुसऱ्या माध्यमासाठी उदाहरणं बदलावी लागतील, क्रम हाच ठेवता येईल.

शेवटचं काम आधी लिहा

पहिला व्हिडिओ लिहायला बसायच्या आधी सहाव्या आठवड्यात मूल काय करून दाखवणार आहे ते लिहून काढा. ‘विद्यार्थ्याला एआयची ओळख होईल’ असं उद्दिष्ट कागदावर शोभतं, पण ते तपासणार कसं? क्रियापद असं हवं की समोर बसून पाहता येईल: ओळखेल, तपासेल, कारण सांगेल, नकार देईल.

तयार चौकटींचा इथे उपयोग होतो. युनेस्कोने २०२४ साली विद्यार्थ्यांसाठी एआय क्षमतांची चौकट प्रसिद्ध केली. तिच्यात १२ क्षमता आहेत आणि त्या समजून घेणं, वापरणं व घडवणं अशा तीन पायऱ्यांवर मांडल्या आहेत. अमेरिकेत २०१८ साली सुरू झालेल्या ‘एआय फॉर के ट्वेल्व्ह’ (बालवाडी ते बारावीसाठी एआय) या उपक्रमाने पाच मोठ्या कल्पना ठरवल्या: यंत्राला जग कसं जाणवतं, ते माहिती कशी मांडतं आणि तर्क कसा करतं, कसं शिकतं, माणसाशी कसं बोलतं आणि समाजावर त्याचा काय परिणाम होतो. सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला हा विषय देऊ केला, त्याचा अभ्यासक्रमही एकदा वाचून घ्या. पण यातली कोणतीही चौकट जशीच्या तशी उचलू नका. सहा आठवड्यांत १२ क्षमता बसवायला गेलात तर एकही बसणार नाही. मी पाचच वाक्यं ठेवतो:

- समोरची सोय एआयवर चालते की साध्या ठरलेल्या नियमांवर, हे मूल कारण देऊन सांगेल.
- उदाहरणं देऊन एक छोटं मॉडेल (उदाहरणांवरून ओळखायला शिकणारा प्रोग्राम) शिकवेल आणि ते कुठे फसतं हे दाखवेल.
- चॅटबॉटच्या उत्तरातलं प्रत्येक विधान वेगळं काढून दुसऱ्या स्रोतावर तपासेल.
- कोणती माहिती यंत्राला द्यायची नाही हे सांगेल आणि देणार नाही.
- अभ्यासात मदत घेतली तर कुठे आणि किती घेतली हे लिहून देईल.

आता शेवटच्या परीक्षेचा नमुना तयार करा. मला आवडणारा प्रकार असा: यंत्राच्या शैलीतला एक सफाईदार परिच्छेद द्यायचा. उदाहरणार्थ, ‘कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर असून त्याची उंची १६४६ मीटर आहे. सातारा जिल्ह्यातल्या या शिखरावर कळसूबाई देवीचं मंदिर आहे.’ शिखर खरं, उंची खरी, मंदिरही खरं. जिल्हा तेवढा चुकीचा, कारण कळसूबाई अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात येतं. सगळाच परिच्छेद खोटा असता तर कोणालाही संशय आला असता. तीन खऱ्या गोष्टींच्या गर्दीत एक चुकीची मिसळलेली असते, प्रत्यक्षातही मुलं तिथेच फसतात. असा परिच्छेद कोर्स सुरू होण्याआधी एकदा द्या आणि संपल्यावर त्याच धाटणीचा दुसरा द्या. दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या की कोर्सने काय केलं ते कळेल.

मुलाच्या हातात काय आहे ते पाहा

‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. आकडे पाहून हुरूप येतो. पण घरी फोन असणं वेगळं आणि मुलाच्या हातात तो तासभर असणं वेगळं. वडील कामावरून आले की फोन घरी येतो, मग मोठ्या भावाचा नंबर लागतो आणि मुलीच्या वाट्याला आला तर रात्री नऊनंतर येतो. तोवर दिवसाचा डेटाही संपत आलेला असतो.

म्हणून वर्गशिक्षकांमार्फत आधी एक छोटी विचारपूस करा. फोन कोणाचा, दिवसातून किती वाजता मिळतो, रोजचा डेटा किती, फोनमध्ये जागा उरली आहे का, घरात शांतपणे ऐकता येतं का, आणि अभ्यासाला मदत करणारं मोठं माणूस कोण. आराखड्यातले निम्मे निर्णय या उत्तरांवरून होतात.

उत्तरं काहीही आली तरी साहित्य हलकं ठेवा. मजकूर, चित्रं आणि ध्वनिफीत हा पाया असावा, व्हिडिओ मोजकेच. ३२ केबीपीएसने साठवलेली पाच मिनिटांची ध्वनिफीत सव्वा एमबीच्या आत बसते, तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट डेटा लागतो. हेलसिंकी विद्यापीठाच्या सहभागातून २०१८ साली फिनलंडमध्ये ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा मोफत कोर्स सुरू झाला. देशाच्या एक टक्का लोकांना एआयची तोंडओळख करून द्यायची असा त्याचा संकल्प होता. तो कोर्स मुख्यतः वाचायचा मजकूर आणि सोडवायचे स्वाध्याय यांवरच उभा आहे. व्हिडिओ कमी म्हणजे दर्जा कमी, ही समजूत सोडून द्या.

कोर्स ठेवायला जागा कोणती हा प्रश्न लोक फार ताणतात. शाळेकडे किंवा संस्थेकडे सर्व्हर सांभाळणारं माणूस असेल तर ऑनलाइन कोर्स चालवायचं मूडल हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याच्या मोबाइल अॅपवर धडा उतरवून इंटरनेटशिवाय पाहता येतो. तसं माणूस नसेल तर व्हॉट्सअॅप गट, गुगल फॉर्म आणि पीडीएफ एवढ्यावरही उत्तम कोर्स चालतो. जे पालकांना आधीपासून वापरता येतं ते निवडा.

इथेच खात्यांचा प्रश्न सोडवून टाका, कारण पुढे तो अडचणीचा ठरतो. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणारा किमान १३ वर्षांचा हवा आणि १८ च्या आतल्यांना पालकांची परवानगी लागते. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे. तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला तो कायदा मनाई करतो. तेव्हा माझा आग्रह असा की या कोर्ससाठी एकाही मुलाला चॅटबॉटचं खातं उघडायला लावू नका. शिक्षकाच्या खात्यावर प्रश्न विचारा, पडद्याचा फोटो घ्या आणि तो मुलांना अभ्यासायला द्या. सगळ्यांसमोर तेच उत्तर असलं की चर्चाही नीट होते. मुलांच्या नोंदीत नाव, इयत्ता आणि पालकांचा क्रमांक याखेरीज काही नको, आधार क्रमांक तर मुळीच नको.

सहा आठवड्यांचा क्रम

पहिला आठवडा ओळखीचा. घरातल्या आणि गावातल्या गोष्टींची यादी करून मुलांना त्यांचे दोन ढीग करायला सांगा. गणकयंत्र, एटीएम, टीव्हीचा रिमोट हे ठरलेल्या नियमांवर चालतात. यूट्यूबच्या पुढच्या व्हिडिओची शिफारस, फोनचं चेहरा पाहून उघडणं, बोललेलं टाइप करून देणारा कीबोर्ड हे उदाहरणांवरून शिकलेले. एसटीच्या डिजिटल पाटीसारखी काही उदाहरणं मुद्दाम वादाची ठेवा, वादातून व्याख्या मुलंच तयार करतात. दुसरा आठवडा यंत्र कसं शिकतं याचा, तिसरा भाषेच्या यंत्राचा, चौथा पडताळणीचा, पाचवा पक्षपात, खासगीपणा आणि फसवणुकीचा, सहावा स्वतःच्या प्रकल्पाचा. इतिहासाला वेगळा घटक देऊ नका. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वाइझेनबाउम यांच्या १९६६ च्या ‘एलायझा’ची गोष्ट तिसऱ्या आठवड्यात सांगा: साधे नियम वापरून माणसाचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारणारा तो प्रोग्राम लोकांना समजूतदार वाटत होता. तिथे ती कामाची आहे.

कोणत्याही आठवड्याचा साचा एकच असावा, म्हणजे मुलांना दर वेळी नवी पद्धत शिकावी लागत नाही: आधी करून पाहायची कृती, मग काय झालं याचा अंदाज, त्यानंतर छोटं स्पष्टीकरण आणि शेवटी एक लेखी उत्तर. स्पष्टीकरण आधी दिलं की कृती नुसती खातरजमा होते आणि मूल विचार करणं थांबवतं.

एक घटक जवळून: कढीपत्ता की कडुनिंब

दुसऱ्या आठवड्याचा घटक सविस्तर सांगतो, कारण संपूर्ण कोर्सची मेख याच घटकात आहे.

गुगलच्या ‘टीचेबल मशीन’वर कोड न लिहिता चित्र ओळखणारं मॉडेल शिकवता येतं. चित्रं ब्राउझरमध्येच हाताळली जातात आणि मॉडेल मुद्दाम अपलोड केलं नाही तर ती यंत्राबाहेर जात नाहीत, म्हणून शाळेसाठी ते सोयीचं आहे. लहान पडद्यावर मात्र ते अवघड जातं. चार-पाच मुलांच्या गटाला शाळेतला एक संगणक द्या आणि फोटो फोनने काढून आणायला सांगा.

मुलांना कढीपत्त्याची आणि कडुनिंबाची पानं आणायला लावा. दोन्हीकडे एका देठावर दोन्ही बाजूंनी पर्णिका, लांबून पाहिलं तर फसायला होतं. कडुनिंबाच्या पर्णिकेची कडा करवतीसारखी, कढीपत्त्याची जवळजवळ गुळगुळीत. प्रत्येकाचे ३० फोटो काढायचे. आता खरी मेख: पहिल्या फेरीत कढीपत्त्याचे सगळे फोटो स्टीलच्या थाळीवर आणि कडुनिंबाचे सगळे फरशीवर काढायला सांगा. कारण सांगू नका.

मॉडेल शिकवून झालं की मुलं तपासतात आणि ते अचूक निघतं. आनंद होतो. मग कडुनिंबाचं पान थाळीवर ठेवायला सांगा. बहुतेक वेळा मॉडेल त्याला ठामपणे कढीपत्ता म्हणतं. नुसती रिकामी थाळी दाखवली तरी कढीपत्ताच. मॉडेलने पान पाहिलंच नव्हतं, ते थाळी आणि फरशी ओळखायला शिकलं होतं. कुणी तरी शिकवलेल्या दहा व्याख्यांपेक्षा हे एक दृश्य मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं.

लगेच उत्तर सांगू नका. ‘तुमच्या मते काय बिघडलं?’ हा एकच प्रश्न फॉर्ममध्ये द्या आणि प्रत्येक गटाला दोन ओळी लिहू द्या. त्यानंतर दुसरी फेरी: दोन्ही पानं थाळीवर, फरशीवर, हातात, सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात, पालथी आणि सुलटी. ‘यातलं काही नाही’ असा तिसरा गटही करायचा, त्यात रिकामी थाळी, आंब्याचं पान, नुसता हात. मॉडेल सुधारतं. मग पायातली चप्पल दाखवायची. तिसरा गट नसलेलं पहिलं मॉडेल तिलाही कढीपत्ता किंवा कडुनिंबच म्हणणार, कारण त्याने दाखवलेले टक्के सगळे मिळून नेहमी १०० होतात. त्याला ‘माहीत नाही’ म्हणायची सोयच दिलेली नाही. पडद्यावरचे ९७ टक्के म्हणजे ९७ टक्के खात्री नव्हे, हे नववीतल्या मुलाला इथे चप्पल हातात धरून कळतं.

या घटकाच्या शेवटी विचारायचा प्रश्न: गोऱ्या चेहऱ्यांचेच फोटो जास्त दाखवून शिकवलेलं यंत्र सावळ्या माणसाला नीट ओळखेल का? उत्तर पाचव्या आठवड्यात द्यायचं. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या व्यावसायिक यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होतं, तर गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. थाळीचा प्रयोग केलेल्या मुलांना हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत.

भाषेचं यंत्र कागदावर खेळा

तिसऱ्या आठवड्यासाठी संगणक लागत नाही. फॉर्ममध्ये एक अर्धं वाक्य द्या: ‘जोराच्या पावसामुळे आज शाळेला…’ आणि पुढचा एकच शब्द लिहायला सांगा. बहुतेक ‘सुट्टी’ लिहितील, काही ‘उशीर’, एखादा ‘दांडी’. सगळ्या उत्तरांची वारंवारता काढून तक्ता परत पाठवा. मग सांगा की चॅटबॉटच्या आत जे मॉडेल असतं ते साधारण हेच काम प्रचंड मोठ्या प्रमाणावर करतं. आधीच्या मजकुरावरून पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता किती, याचा हिशोब करत ते वाक्य पुढे नेतं. आज शाळेला खरंच सुट्टी आहे का, हे तक्त्याला माहीत नसतं.

दुसरं वाक्य गावातलं द्या: ‘आमच्या गावच्या जत्रेत पहिला मान…’ इथे गावातली मुलं अचूक शब्द लिहितात. शिक्षकाच्या खात्यावर यंत्राला त्याच गावाबद्दल विचारा. बऱ्याचदा ते कुठल्याही गावाला लागू पडेल असं गोड, गुळगुळीत उत्तर देतं किंवा सरळ चुकीचं नाव सांगतं. याचं कारणही शिकवा. इंटरनेटवर मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने थोडा, त्यात एखाद्या खेड्याच्या जत्रेबद्दल लिहिलेलं आणखी थोडं. जे यंत्राने वाचलंच नाही ते त्याला ठाऊक कसं असेल? मराठी मुलांना या बाबतीत एक फायदा आहे: त्यांना यंत्रापेक्षा नक्की जास्त माहिती असलेला विषय दाराबाहेरच असतो. त्या आत्मविश्वासाचा कोर्समध्ये भरपूर उपयोग करा.

आणखी एक कृती मला फार मोलाची वाटते. यंत्राला एखाद्या संतकवीचा पावसावरचा अभंग मागायचा. ते अनेकदा नाममुद्रेसकट ओळी रचून देतं, लयही बरी असते. आता मुलांनी छापील गाथेत तो अभंग शोधायचा. शाळेच्या ग्रंथालयात किंवा गावातल्या वारकरी आजोबांकडे गाथा सापडते. गाथेत अभंग नसला की ‘शैली जुळते म्हणजे मजकूर खरा’ हा गैरसमज मुळातून जातो. मोठी माणसंही इथे फसतात हे मुलांना जरूर सांगा. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५००० डॉलरचा दंड केला, कारण चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले त्यांनी दाखल्यादाखल दिले होते.

पडताळणीची सवय

चौथ्या आठवड्यात नवी माहिती जवळजवळ नको, फक्त सराव. यंत्राचं एक उत्तर घ्यायचं आणि त्यातली विधानं मोडून एकाखाली एक लिहायची. नावं, तारखा, ठिकाणं, आकडे, कारणं वेगळी. प्रत्येकासमोर ‘कुठे तपासलं’ आणि ‘काय सापडलं’ असे दोन रकाने. पाठ्यपुस्तक, बालभारतीच्या वेबसाइटवरची पीडीएफ, मराठी विश्वकोश, जिल्ह्याची सरकारी वेबसाइट, माहितगार माणूस हे स्रोत चालतील. दुसऱ्या चॅटबॉटला विचारणं चालणार नाही, आणि का चालणार नाही हे मुलांनाच लिहू द्या.

व्हिडिओ करायचेच असतील तर

एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवरच्या कोर्समधल्या व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ विद्यार्थी सर्वांत जास्त टिकून पाहतात आणि कागदावर-पाटीवर लिहीत लिहीत समजावणं नुसत्या स्लाइडपेक्षा जास्त धरून ठेवतं, असं त्यात दिसलं. म्हणजे फोन उभा करून, खाली कागद ठेवून, हाताने चित्र काढत बोललात तरी पुरे. एका व्हिडिओत एकच मुद्दा. संहिता लिहा, पण मोठ्याने वाचून पाहा. जे वाक्य वर्गात बोलताना तोंडात येणार नाही ते काढून टाका. डेटा, मॉडेल, प्रॉम्प्ट (यंत्राला लिहून दिलेली सूचना) हे शब्द तसेच ठेवा, पडद्यावर मुलांना तेच दिसणार आहेत. उपशीर्षकं द्या, घरात गोंगाट असताना त्यांचा आधार होतो.

मुलं मध्येच का सोडतात

एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसचा आढावा २०१९ साली छापून आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३.१३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला होता. तिथे प्रौढ, स्वतःहून आलेले विद्यार्थी होते. शाळकरी मूल एकटं सोडलं तर टिकणार नाही, हे धरूनच चाला.

टिकवतं ते माणूस. पंधरा-वीस मुलांमागे एक ताई किंवा दादा नेमा, स्थानिक महाविद्यालयातले विद्यार्थी हे काम छान करतात. त्यांना एकच नियम द्या: मुलाने लिहिलेल्या उत्तरावर दोन दिवसांच्या आत, नाव घेऊन, आवाजी निरोप पाठवायचा. ‘छान’ एवढंच म्हणायचं नाही. ‘तू थाळीचं कारण बरोबर धरलंस, आता उजेडाचं काय ते सांग’ असं नेमकं बोलायचं. आठवड्याचा एक वार आणि एक वेळ पक्की ठेवा.

गुणफलक आणि पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाला माझा विरोध आहे. ज्याच्याकडे दिवसभर फोन असतो तोच वर दिसतो आणि रात्री नऊला फोन मिळणारी मुलगी खाली. त्यापेक्षा ‘चुकांची भिंत’ करा. यंत्राची पकडलेली प्रत्येक चूक, पकडणाऱ्याच्या नावासह आणि कारणासह, सगळ्यांना दिसेल अशी. कोर्सचं सर्वांत वाचलं जाणारं पान हेच होतं.

चाचण्या छोट्या आणि वारंवार घ्या, गुणांशिवाय. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात काही दिवसांनंतर जास्त राहिलं होतं. म्हणून प्रत्येक आठवड्याची सुरुवात मागच्या आठवड्यातल्या दोन प्रश्नांनी करा.

अवघड विषय टाळू नका

बनावट आवाज, बनावट फोटो, चेहरा बदलून केलेले व्हिडिओ. नववीतल्या मुलींना याचा धोका सर्वांत जास्त जाणवतो आणि बोलायची भीतीही त्यांनाच असते. पाचव्या आठवड्यात हे स्पष्ट शब्दांत मांडा, पण खरे आक्षेपार्ह नमुने दाखवू नका आणि असं काही कसं बनवतात ते शिकवू नका. काय करायचं ते शिकवा: पुरावा म्हणून पडद्याचा फोटो घ्यायचा, तो पुढे पाठवायचा नाही, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. आर्थिक सायबर फसवणूक झाल्यास १९३०. हे क्रमांक धड्याच्या प्रत्येक पानाखाली असू द्या. ज्याच्यासोबत असं घडलं त्याचा यात दोष नाही, हे वाक्य ध्वनिफितीत शिक्षकाच्या आवाजात हवं.

नातेवाइकाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला तर घरात ठरवलेला एक खुणेचा शब्द विचारायचा. ही कृती मुलांनी आई-वडील आणि आजी-आजोबांना शिकवायची, गृहपाठ म्हणून. पालकांना कोर्सचं महत्त्व याच कृतीतून पटतं.

चॅटबॉटशी मनातलं बोलणाऱ्या मुलांचा विषयही इथेच घ्या. टिंगल न करता विचारा की ते काय देतं आणि काय देऊ शकत नाही. एखादं मूल खरोखर एकटं पडलेलं दिसलं तर पुढे काय करायचं, हे ताई-दादांना आधीच सांगून ठेवलेलं हवं.

शिक्षकांसाठी चार पानं

शिक्षक सोबत नसतील तर कोर्स शाळेत टिकत नाही. त्यांना जाडजूड पुस्तिका नको, चार पानं पुरतात: प्रत्येक आठवड्याचा हेतू, मुलं हमखास विचारतील असे प्रश्न, संगणक बंद पडला तर करायची कागदावरची कृती, आणि गृहपाठाचे नियम. नियम साऱ्या विषयांच्या शिक्षकांनी मिळून ठरवावेत. प्रत्येक गृहपाठावर तीनपैकी एक खूण असावी: एआय नाही, एआय चालेल पण कुठे वापरलं ते लिहा, किंवा मोकळेपणाने वापरा. एआयने लिहिलेलं ओळखून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून कोणत्याही मुलावर आरोप करू नका. ती साधनं चुकतात आणि निरपराध मुलाच्या मनातला शिक्षकांवरचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही. शंका आली तर मुलाला समोर बसवून त्याच विषयावर पाच मिनिटं बोला.

सगळ्यांसाठी खुला करण्याआधी

एका शाळेतल्या दहा-बारा मुलांबरोबर पहिले दोन आठवडे चालवून पाहा. यातल्या निदान तीन मुलांच्या शेजारी बसा, त्यांच्याच फोनवर धडा उघडू द्या आणि तोंडातून एक शब्द काढू नका. बोट कुठे थांबतं, कोणतं वाक्य दोनदा वाचलं जातं, ‘पुढे’चं बटण सापडतं का, हे टिपून घ्या. ‘आवडलं का?’ असं विचारलंत तर मुलं हो म्हणतील, त्याने काही कळणार नाही. त्याऐवजी विचारा, ‘घरी जाऊन ताईला यातलं काय सांगशील?’ उत्तरात थाळीची गोष्ट आली तर दुसरा आठवडा जमला आहे.

साहित्याचे दोन भाग वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. उदाहरणांवरून शिकणं, शक्यतेवरून शब्द निवडणं, पक्षपात आणि पडताळणीची पद्धत हा भाग लवकर जुना होत नाही. चॅटबॉटची उत्तरं, पडद्याचे फोटो, बटणांची नावं, वयाच्या अटी हा भाग वर्षभरही टिकत नाही. दुसऱ्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावात तारीख घाला आणि दर मे महिन्यात ती सगळी उत्तरं यंत्राकडून पुन्हा मागवा. आज चुकणारं यंत्र पुढच्या वर्षी तुमच्या गावच्या जत्रेबद्दल बरोबर सांगेलही. तसं झालं तर जुनं आणि नवं उत्तर दोन्ही मुलांना द्या, काय बदललं आणि अजून काय चुकतंय ते त्यांना शोधू द्या, आणि त्या आठवड्यासाठी नवं कोडं शोधायचं काम आधीच्या तुकडीतल्या मुलांना सोपवा. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ते तयार असायला हवं.